पाण्याचा अहवाल आणि आपला नळ

आपल्यापैकी अनेकांच्या घरी टीडीएस मीटर आहे. आई-बाबा पुण्याहून न्यू जर्सीत आले की तो ग्लासात बुडवतात, आकडा बघून मान डोलावतात, आणि तरीही पाणी उकळायला ठेवतात. मीटरला विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज येतो. पाण्यात शिसं आहे की आर्सेनिक, हे त्याला कळत नाही, कारण ते अब्जांशात, म्हणजे अब्ज भागांत किती भाग असं, मोजावं लागतं. आणि उकळल्याने जंतू मरतात. शिसं जिथल्या तिथे राहतं, उलट पाणी आटलं की दाट होतं.

मग बघायचं काय? सार्वजनिक नळयोजना चालवणाऱ्यांना दरवर्षी 1 जुलैपर्यंत ग्राहकांना पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल द्यावा लागतो. त्याची लिंक बिलासोबत येते. बिल आपण भरतो, लिंक तशीच राहते.

त्या अहवालात फसवणारी ओळ शिशाची. शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यात शिसं सहसा नसतंच. ते उतरतं रस्त्यापासून घरापर्यंतच्या जुन्या पाइपातून, सांध्यांवरच्या डागकामातून, पितळी तोट्यांतून. म्हणून काही निवडक घरांत नळ किमान सहा तास बंद ठेवून नमुने घेतात. त्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि ज्याच्या आत नव्वद टक्के नमुने येतात तो आकडा बघायचा. तो 15 अब्जांशाच्या आत असला की योजना पास! वरच्या दहा टक्के घरांत किती निघालं, याने त्या निकालाला फरक पडत नाही. देशाच्या 2024 च्या नियमाने ही मर्यादा 10 वर आणायचं ठरवलं. आरोग्याचं उद्दिष्ट मात्र शून्यच आहे. तेव्हा अहवाल योजनेचा असतो, तुमच्या स्वयंपाकघराचा नव्हे.

तळघरात जा. भिंतीतून मीटरकडे येणारा पाइप किल्लीने हलकेच खरवडा आणि त्याला लोहचुंबक लावून बघा. नाण्यासारखा तांबूस दिसला तर तांबं. चुंबक चिकटला तर लोखंड. मऊ लागला, खरवडल्यावर चांदीसारखा चमकला आणि चुंबक चिकटला नाही, तर ते शिसं. तसं निघालं तर पाणीपुरवठा कंपनीला कळवा. न्यू जर्सीत 2021 च्या कायद्याने असे पाइप दहा वर्षांत बदलायचे आहेत. तोवर पिण्याला आणि चहाला गरम नळाचं पाणी घेऊ नका. गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं.

पिण्याच्या पाण्याच्या मर्यादांचा भारतातला तक्ता शेजारी ठेवून वाचणाऱ्यांसाठी एक गंमत. नायट्रेटची मर्यादा तिकडे लिटरमागे 45 मिलिग्रॅम, इकडे 10. म्हणून अमेरिका चौपट कडक, असं समजू नका. इकडे त्यातल्या फक्त नायट्रोजनचं वजन धरतात, तिकडे अख्ख्या नायट्रेटचं. मर्यादा जवळपास एकच.

आता न्यू जर्सीतल्या हंटरडन काउंटीसारख्या भागात मोठं आवार बघून घर घेतलेल्यांविषयी. तिथे बऱ्याच घरांना स्वतःची विहीर म्हणजे बोअर असते. तिचा अहवाल कोणी पाठवत नाही. तिथल्या खडकातच आर्सेनिक आहे; कारखाना लागत नाही. राज्याची मर्यादा 5 अब्जांश, देशाच्या निम्मी, पण ती सार्वजनिक योजनांना. खासगी विहिरीचं पाणी घर विकताना तपासणं 2002 पासून सक्तीचं आहे. त्यानंतर मालक जाणे! जंतू आणि नायट्रेटची तपासणी दरवर्षी करून घ्या, आर्सेनिकची दर काही वर्षांनी, आणि तीही राज्यमान्य प्रयोगशाळेत. फिल्टर विकणारा फुकट करून देतो, ती तपासणी नसते, विक्री असते.