खवले, फळी आणि दोन हजार हात
(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘यहुदी परंपरेतला समुद्र’. तो वाचून बहुतेकांना मोशेपुढे दुभंगलेला समुद्र आठवला असेल. तो आज बाजूला ठेवू. ज्या समुद्रातून मासळी येते, ज्यावर माल जातो आणि ज्यात जहाजं फुटतात, त्याच्याबद्दल बोलू. या समुद्रापुढे रब्बी, म्हणजे यहुदी धर्मशास्त्री, खतावणी उघडून बसावं तसे बसले, आणि मला त्यांचं तेच आवडतं.

सुरुवात कोकणातून. इथल्या यहुद्यांच्या, म्हणजे बेने इस्रायल समाजाच्या, परंपरेत सांगतात की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ बुडाले. पुढे हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. मग डेव्हिड राहाबी नावाचा बाहेरचा यहुदी आला. तो कधी आला यावर एकमत नाही. हे लोक यहुदी आहेत का, हे पाहायला त्यानं बायकांपुढे सरमिसळ मासळी ठेवली. त्यांनी खवल्यांची वेगळी काढली आणि बिनखवल्यांची शिजवायला नकार दिला. ग्रंथ गेले होते, पण नियम स्वयंपाकघरात शिल्लक होता.

नियम बायबलातल्या लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायातला: पाण्यातल्या ज्या जीवाला पर, म्हणजे पोहायचे पंख, आणि खवले आहेत तोच खावा. मिश्ना, म्हणजे रब्बींच्या नियमांचा जुना संग्रह, त्यात एक सोय करते. ज्याला खवले असतात त्याला पर असतातच, मात्र पर असून खवले नसलेले मासेही आहेत. म्हणून बाजारात फक्त खवले पाहिले की झालं, आणि अख्खा मासा नसला तरी कातडीसकटचा तुकडा चालतो. अट एवढीच, की खवला नखानं निघाला पाहिजे आणि खालची कातडी फाटता कामा नये. मुशीची कातडी कानशीसारखी खरखरीत असते, पण तिचे काटे कातडीतच रुतलेले, म्हणून मुशी बाद. वाम आणि शिंगाळा यांना खवलेच नाहीत. कोलंबी, खेकडे, तिसऱ्या, माकूळ यांचा प्रश्नच येत नाही. रावस उघड उघड चालतो. सुरमई आणि बांगड्याचे खवले बारीक, हाताळताना गळून जातात. ते गालाखाली, पराखाली आणि शेपटीजवळ शोधायचे. पाण्याबाहेर काढताना खवले झडणारा मासा चालतो हे तालमूदनं, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथानं, आधीच सांगून ठेवलंय, आणि त्या यादीत ट्यूनाचं नावही आहे.

चूक होते ती दुकानात. कातडी सोलून घेतलेला गोरा तुकडा कशाचा हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून कोळणीला कातडी ठेवायला सांगावं. जिनं आत्ताच कोलंबी साफ केली तिची सुरी आणि फळी आधी धुऊन घ्यावी. माशाला हलाल-झटक्यासारखा विधी लागत नाही. त्याचं रक्तही निषिद्ध नाही, मात्र भांड्यात वेगळं साठवलं तर त्यात खवले ठेवायचे, म्हणजे पाहणाऱ्याला ते जनावराचं वाटणार नाही. मांस आणि मासे एकत्र शिजवत नाहीत. मांसाबरोबर दूधही चालत नाही, पण नारळाचं दूध हे कायद्याच्या लेखी दूधच नव्हे, त्यामुळे मटणाच्या रश्शातही ते बिनघोर पडतं. कोकणात येऊन पडणं या बाबतीत तरी फायद्याचंच ठरलं म्हणायचं.

आता फुटलेल्या जहाजाकडे. किनाऱ्याला लागलेला माल कोणाचा? एरवी सापडलेल्या वस्तूवर खूण असेल तर मालक शोधावाच लागतो. पण समुद्रानं ओढून नेलेली वस्तू वाचवली तर ती वाचवणाऱ्याची, कारण मालकानं आशा सोडलेली असते. आणि मालक काठावर उभा राहून ओरडत असला तर? तालमूद म्हणतं, पडलेल्या घरासाठी आणि बुडालेल्या जहाजासाठी ओरडणाऱ्यासारखंच ते ओरडणं. तरीही परत देणं चांगलं, असं नंतरच्या शास्त्रींनी लिहून ठेवलंय.

जहाज अजून बुडालं नसेल, वादळात हलकं करायचं असेल, तर कोणी किती फेकायचं? किंमत नाही, वजन पाहायचं. राशी हा तालमूदचा भाष्यकार उदाहरण देतो: एकानं शंभर लिटरा (हे वजनाचं माप) सोनं टाकलं, तर दुसऱ्यानं शंभर लिटरा लोखंड टाकायचं. सोनेवाल्यावर हा अन्याय वाटतो खरा. पण जहाज किमतीनं बुडत नाही, भारानं बुडतं. याच्याच शेजारी वाळवंटातल्या तांड्याचा नियम आहे: लुटारूंशी तडजोड करताना वाटणी मालमत्तेप्रमाणे, कारण त्यांचा डोळा पैशावर असतो. आणि वर एक पुस्ती, की खलाशांची रीत मोडू नये. खलाशी आपसात ठरवू शकत, की ज्याचं जहाज बुडेल त्याला सगळ्यांनी मिळून दुसरं द्यायचं. मात्र हलगर्जीपणानं बुडवलं किंवा जहाजं जात नाहीत तिकडे नेलं, तर काही मिळायचं नाही. आजच्या विमा पॉलिसीतलं बारीक अक्षरांचं कलम वाचून पाहा.

सगळ्यात कठीण प्रश्न बाईचा. नवरा पाण्यात पडला, वर आला नाही, प्रेतही मिळालं नाही. ती पुन्हा लग्न करू शकते का? शास्त्री पाण्याचे दोन प्रकार करतात. चारही काठ दिसतात असं ‘अंत असलेलं’ पाणी असेल आणि तो बाहेर निघाला नाही, तर ती मोकळी. समुद्र ‘अंत नसलेला’; नवरा दुसरीकडे कुठेतरी किनाऱ्याला लागला असू शकतो, म्हणून नाही. नियम क्रूर वाटतो, पण त्याला आधार आहे. शास्त्र्यांचा प्रमुख रब्बान गमलिएल यानं फुटलेलं जहाज पाहिलं आणि त्यावरच्या रब्बी अकिवासाठी तो हळहळला. किनाऱ्यावर उतरला तर अकिवा समोर बसून धर्मचर्चा करू लागला. कसा वाचलास? अकिवा म्हणाला, जहाजाची एक फळी हाती लागली, आणि येणाऱ्या प्रत्येक लाटेपुढे मी डोकं झुकवलं. अशी एक फळी शक्य आहे, म्हणून बायको बांधलेली. तरीही तिनं लग्न केलंच, तर ते मोडायला लावत नाहीत. ही फट शास्त्र्यांनी जाणूनबुजून ठेवली असावी असं मला वाटतं.

याच रब्बान गमलिएलची दुसरी गोष्ट हिशेबाची. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवार संपेपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, वस्तीच्या हद्दीबाहेर दोन हजार हातांपलीकडे जायचं नाही. एक हात अठ्ठेचाळीस सेंटीमीटर धरणारे आहेत तसे सत्तावन्न धरणारेही, म्हणजे अंतर साधारण एक किलोमीटर. एकदा जहाज बंदरात शिरेपर्यंत अंधार पडला, शब्बाथ लागला. उतरायचं की नाही? तो म्हणाला, उतरा; दिवस मावळण्याआधीच आपण हद्दीत होतो, मी पाहत होतो. त्याच्याजवळ एक नळी होती. तिच्यातून जमिनीवरचे आणि समुद्रावरचे दोन हजार हात त्याला मोजता येत.

शब्बाथच्या आधीच्या तीन दिवसांत लांबच्या सफरीला निघू नये, असाही नियम आहे, धर्मकार्य नसेल तर. ‘रिफ’ या शास्त्र्यानं दिलेलं कारण फार माणसातलं आहे: पहिले तीन दिवस पोट ढवळतं, शब्बाथचा आनंद कसला घेणार. सोर ते सीदोन या जवळच्या दोन बंदरांएवढाच पल्ला असेल तर शुक्रवारीही निघालं तरी चालतं.

सुखरूप उतरल्यावर दहा जणांपुढे आभाराचा आशीर्वाद म्हणायचा. तो चौघांवर बंधनकारक आहे: समुद्र ओलांडलेला, वाळवंट ओलांडलेला, आजारातून उठलेला, कैदेतून सुटलेला. समुद्रावरून विमानानं आलेल्यांनीही तो म्हणावा, असा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे.

आणि समुद्र नुसता दिसला, तरी आशीर्वाद आहे: सृष्टीचं कार्य करणारा तू धन्य. पण मागच्या तीस दिवसांत तो पाहिलेला नसेल तरच. अलिबागला रोज किनाऱ्यावरून बाजारात जाणाऱ्याला तो म्हणता येत नाही. आपल्यातले जे समुद्रापासून दूरच्या शहरांत राहतात, त्यांना मात्र सुट्टीत किनारा गाठला की म्हणता येईल.