रिकाम्या वेळेत काय करायचं असतं?

[दृश्य: स्वयंसेवकांचं निवासस्थान. सकाळ. सामायिक स्वयंपाकघर. मूळ आवाज दहा सेकंद तसाच राहू द्यावा.]

निवेदन:
भांडी, नळ, कुणाच्या तरी फोनवरचं गाणं आणि चार जणांचं एकाच वेळी चाललेलं बोलणं. या घरात आठ स्वयंसेवक राहतात. आठ वाजता गाडी निघते, आणि आता पावणेआठ झालेत.

टेबलाच्या टोकाला, भिंतीकडे पाठ करून, कानांवर हेडफोन लावून बसलेली ही मुलगी इथली स्वयंसेवक नाही. अजून तरी नाही. दोन दिवस ती नुसती बघायला आली आहे. वर्षभरासाठी सही करण्याआधी हे घर, ही माणसं आणि हा गोंगाट आपल्याला झेपेल का, हे तिला ताडून पाहायचंय. ती ऑटिस्टिक आहे. नाव सांगायचं नाही, चेहरा दाखवला तरी चालेल, अशी तिची अट आहे. (आम्हाला एरवी भेटणारे लोक बरोबर उलटी अट घालतात.)

[दृश्य: जुनी छायाचित्रं. पडक्या घरांचं बांधकाम, फावडी, हातगाड्या.]

निवेदन:
घरदार सोडून महिनोन् महिने कुठंतरी जाऊन राबायचं, ही कल्पना आजची नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर, 1920 मध्ये, पिएर सेरेसोल या स्विस माणसानं वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक गोळा करून फ्रान्समधल्या वेर्दंजवळचं एक उद्ध्वस्त गाव पुन्हा उभारायला घेतलं. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था त्यातून उभी राहिली. 1961 मध्ये अमेरिकेत पीस कॉर्प्स ही स्वयंसेवकांना परदेशी धाडणारी सरकारी संस्था आली. तिची मुदत 27 महिन्यांची: तीन महिने प्रशिक्षण, मग दोन वर्षं काम. जर्मनीनं 2011 मध्ये सक्तीच्या नागरी सेवेच्या जागी स्वेच्छेची केंद्रीय सेवा आणली, ती सहसा वर्षभराची असते. युरोपियन युनियनच्या युरोपियन सॉलिडॅरिटी कॉर्प्स या कार्यक्रमात 18 ते 30 वयाच्या तरुणांना बारा महिन्यांपर्यंत स्वयंसेवा करता येते.

देश वेगळे, कामं वेगळी. पण माहितीपत्रक कुठलंही उघडा, कुठल्याही परिस्थितीशी जुळवून घेणारी व्यक्ती हवी, ही ओळ त्यात असायचीच. कुठली परिस्थिती, ते मात्र लिहिलेलं नसतं.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. अर्ज. कर्सर लुकलुकतोय. बोटं थांबलेली.]

निवेदन:
हा तिचा अर्ज. प्रश्न असा आहे: “अनपेक्षित बदलाला तुम्ही यशस्वीपणे तोंड दिल्याचं एक उदाहरण द्या.” ती आधी विचारते, कशातला बदल? वेळेतला, माणसांतला, कामातला की जागेतला? काम बदललं तर तिचं काही बिघडत नाही. जेवायची वेळ न सांगता बदलली तर उरलेला दिवस जातो. एकाच चौकटीत या दोन्ही गोष्टी कशा बसवायच्या?

आणि मुख्य पेच: सांगायचं का? सांगायचं तर कधी? अर्जात, मुलाखतीत, निवड झाल्यावर, की कधीच नाही? यावर ऑटिस्टिक लोकांमध्येही एकमत नाही. आधी सांगितलं तर पत्र येत नाही आणि का आलं नाही हे कळत नाही. नंतर सांगितलं तर “आधी का नाही बोललात?” हे ठरलेलंच.

तिनं काढलेली वाट पाहा.

[दृश्य: पडद्यावरचा मजकूर जवळून. वाचता येईल इतका वेळ.]

निवेदन:
“वेळापत्रकातला बदल आदल्या दिवशी लेखी कळला तर मी काम चांगलं करते. तोंडी सूचना तीनपेक्षा जास्त असतील तर लिहून लागतात. झोपायला एकटीची खोली लागते, लहान असली तरी चालेल. जेवताना मी बोलले नाही तर मी रागावलेली नसते.”

निदानाचं नाव यात कुठंच नाही. ते तिनं पुढच्या टप्प्यावर, लेखी, एका ठरावीक व्यक्तीला कळवलं. समन्वयकाला “ऑटिझम” एवढंच कळलं असतं तर त्यातून करायचं काय, हे कळलं नसतं. या चार वाक्यांतून कळतं.

हे मागणं म्हणजे मेहेरबानीची याचना नव्हे. अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006 साली मंजूर झाला. त्याच्या दुसऱ्या कलमानुसार वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव ठरतो. अमेरिकेत तर 1973 च्या पुनर्वसन कायद्याचं 504 वं कलम सरकारी पैशावर चालणाऱ्या कार्यक्रमांना लागू आहे. संस्थेवर अवाजवी भार पडत असेल तर ती नाही म्हणू शकते. पण दाराला कडी लावून द्यायची आणि उद्याचं वेळापत्रक आज पाठवायचं, यात भार तो कसला?

वैद्यकीय मंजुरीचा टप्पाही असतो. पीस कॉर्प्ससारख्या ठिकाणी निवड झाल्यावर आरोग्याचा सगळा इतिहास द्यावा लागतो, आणि हिरवा कंदील मिळेपर्यंत जाणं पक्कं नसतं. या मुलीच्या तपासणीच्या वेळी कॅमेऱ्याला आत परवानगी नव्हती. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, की डॉक्टरांनी मित्र किती आहेत असं विचारलं आणि तिनं खरा आकडा सांगितला.

[दृश्य: निवासस्थान. दुपार. रिकामी खोली. ती ट्यूबलाइटखाली वर बघत उभी.]

निवेदन:
आता या भेटीकडे येऊ. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून इथं थोडा जास्त वेळ घेतोय. युरोपियन सॉलिडॅरिटी कॉर्प्समध्ये याची रीतसर तरतूद आहे. ज्यांना संधी कमी मिळतात, आणि त्यांत अपंगत्व असलेलेही आले, अशा तरुणांना जायच्या आधी जागा बघून यायला खर्च मिळू शकतो. वाढीव मार्गदर्शन मिळू शकतं. एरवी किमान मुदत दोन महिन्यांची असते, पण त्यांना दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंतची छोटी सेवाही घेता येते. इतर बऱ्याच ठिकाणी अशी सोय नसते, तिथं विचारून मिळवावी लागते. हिनं विचारून मिळवली.

ती खोलीत शिरते ती आधी दिव्याखाली उभी राहते. हा दिवा थरथरतो. तुम्हाला पडद्यावर दिसणार नाही, आमच्या कॅमेऱ्यालाही दिसला नाही. मग ती दार लावते, उघडते, परत लावते. कडी आतून नीट बसते का पाहते. पलंगावर बसून भिंतीला कान लावते. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातला फ्रिज आहे. त्याची घरघर आमच्या ध्वनिमुद्रकाला संकलनाच्या टेबलावर ऐकू आली, तिला दारातच आली होती. प्रकाश, आवाज, स्पर्श यांची अशी तीव्र किंवा अतिमंद जाणीव अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत निकष म्हणून आली ती 2013 च्या आवृत्तीत. त्याच्या कितीतरी आधीपासून माणसं फ्रिजजवळच्या खोल्यांत झोपेविना रात्री काढत होती.

वहीत तिनं प्रश्न लिहून आणलेत.

[दृश्य: व्हरांडा. ती आणि समन्वयक बाई. वही दोघींच्या मध्ये.]

निवेदन:
कामाच्या प्रश्नांना उत्तरं भराभर मिळतात. किती वाजता, कुणाच्या हाताखाली, कुठली अवजारं. मग ती विचारते, “रिकाम्या वेळेत काय करायचं असतं?”

समन्वयक हसतात. “अहो, रिकामा वेळ तुमचाच. वाटेल ते करा.”

“म्हणजे खोलीत बसलं तर चालतं?”

“चालतं की.” मग जरा थांबून, “सगळे खाली असतात संध्याकाळी. कुणी आलं नाही तर बाकीच्यांना वाटतं, काहीतरी बिनसलंय.”

कुठल्याही माहितीपत्रकात न छापलेली अट ती ही. काम आठ तासांचं, पण सोबत राहणं चोवीस तासांचं. जर्मनीतल्या सेवेत 27 वर्षांखालच्यांना वर्षात 25 दिवस शिबिरांना बसावं लागतं: गट पाडणे, खेळ, चर्चा, बहुधा एकत्र मुक्काम. वृद्धाश्रमातलं रोजचं काम ज्याला अगदी मानवतं, तोच शिबिराच्या आठवड्यात कोलमडू शकतो. अमेरिकॉर्प्स या अमेरिकी सरकारच्या देशांतर्गत सेवा कार्यक्रमाची एनसीसीसी ही शाखा तर तुकडीवरच बेतलेली होती: 18 ते 26 वयाची मुलं एकत्र राहायची आणि दर काही आठवड्यांनी काम आणि मुक्काम दोन्ही बदलायचं. काम काय आहे हे सगळेच विचारतात. संध्याकाळी सहानंतर काय, हे विचारायला हवं.

समन्वयक बाईंनी वहीतल्या त्या पानाचा फोटो काढून घेतला. बाराव्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे आजारी नसताना फक्त दमल्यामुळे सुट्टी घेता येते का, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

[दृश्य: डोंगरातली पायवाट. दगड, कुदळ, ओली माती. तरुणाचे हात जवळून.]

निवेदन:
हा तरुणही ऑटिस्टिक आहे, आणि याचा मुक्काम आधीच सुरू झालाय. काम पायवाटा दुरुस्त करण्याचं. पावसाचं पाणी वाटेवरून धावलं की वाट खचते, म्हणून ठिकठिकाणी तिरके दगडी बांध घालून ते बाजूला काढायचं. तो एक दगड उचलतो, फिरवतो, ठेवतो, काढतो. खालची माती चिमटीनं काढतो. पुन्हा ठेवतो, वर उभा राहून डुलून बघतो. दगड हलत नाही. मग बाटलीतलं पाणी वरच्या बाजूला ओततो आणि ते कुठून जातं ते उकिडवं बसून पाहत राहतो.

ही सगळी कृती आम्ही न कापता ठेवली आहे.

प्रत्येक बांधाला त्याच्या वहीत क्रमांक आहे. कुठला कधी घातला, कुठल्या पावसात कुठून पाझरला, सगळं टिपलेलं. एका गोष्टीत खोल शिरलं की दुसऱ्या गोष्टीवर येणं अवघड जातं, या अंगानं ऑटिझमकडे पाहणारी मांडणी संशोधक डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये केली. तिचा दाखला म्हणून हा प्रसंग पुरेसा आहे. जेवणाची सुट्टी झाल्याचं त्याला दोनदा सांगावं लागलं.

[दृश्य: गाडीचं मागचं दार. आतल्या बाजूला लावलेला पांढरा फळा. तुकडीप्रमुख मार्करनं लिहितेय.]

निवेदन:
दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम आदल्या संध्याकाळी या फळ्यावर येतो. त्यानं मागितलं म्हणून हे सुरू झालं. आता सगळेच फोटो काढून नेतात. ऑटिस्टिक माणसाची सोय अखेर सगळ्यांच्याच फायद्याची ठरते, असा निष्कर्ष यावरून काढायचा नाही. तसं नसतं तरी फळा मागणं तितकंच रास्त होतं. दृश्य चांगलं मिळालं म्हणून ठेवलंय.

याआधी एका दुसऱ्या कार्यक्रमातून तो मुदत संपायच्या आधीच बाहेर पडला होता. त्याबद्दल तो कॅमेऱ्यासमोर बोलला नाही.

[दृश्य: वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक शेकोटीभोवती. हावभाव, खाणाखुणा, हसू.]

निवेदन:
परदेशी जाऊन सेवा करणारे ऑटिस्टिक लोक एक गंमत सांगतात. परक्या देशात तुमचं वागणं कुणाला विचित्र वाटलं तर ते “परदेशी आहे” म्हणून सोडून देतात. नमस्कार कसा करायचा, नजर किती वेळ द्यायची, नको कसं म्हणायचं, हे तिथं सगळ्यांनाच नव्यानं शिकावं लागतं आणि समोरचे ते शिकवतातही. डेमियन मिल्टन या संशोधकानं 2012 मध्ये मांडलं, की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधला गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत.

[दृश्य: बाग, विणकामाचे माग, एकत्र जेवणाचं लांब टेबल. संग्रहातली दृश्यं.]

निवेदन:
स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनजवळ 1940 मध्ये कार्ल क्योनिग या ऑस्ट्रियातून नाझींपासून निसटलेल्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅम्पहिल सुरू केलं. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं आणि स्वयंसेवक तिथं एका घरात राहतात. आता अशा वसाहती अनेक देशांत आहेत. जेवण, काम, विश्रांती सगळं ठरल्या वेळी, त्यामुळे काही ऑटिस्टिक स्वयंसेवकांना तो ताल मानवतो. दाराशी मात्र एक अवघड क्षण येतो. अपंग म्हणजे सेवा घेणारा आणि स्वयंसेवक म्हणजे सेवा देणारा, अशी कागदोपत्री विभागणी मनात ठेवून आलेल्याला हा नवा माणूस कुठल्या रकान्यात घालावा ते सुचत नाही.

[दृश्य: विमानतळ. पाठीवरच्या पिशव्या. जलद कट.]

निवेदन:
धोके आहेत. वर्षभर दिवसभर मुखवटा घालून, म्हणजे आपलं ऑटिस्टिक वागणं लपवून, वावरलं तर थकवा महिनोन् महिने टिकतो, आणि आधी सहज जमणाऱ्या गोष्टीही जमेनाशा होतात. नेहमीची गोळी दुसऱ्या देशात बंदीची असू शकते. कार्यक्रमच गुंडाळला जाऊ शकतो: मार्च 2020 मध्ये पीस कॉर्प्सनं जवळपास 7,000 स्वयंसेवक जगभरातून एकदम परत आणले, आणि एप्रिल 2025 मध्ये सरकारी कपातीत एनसीसीसीच्या मुलांना मुदतीआधीच घरी धाडलं गेलं. म्हणून विमा कधीपर्यंत आणि परतीचं भाडं कुणाचं, हे सहीच्या आधी लेखी घ्यावं.

[दृश्य: ती गाडीत. वहीतलं पान. नंतर पायवाट, तरुण, फळा.]

निवेदन:
बाराव्या प्रश्नाचं उत्तर तिला आठवड्यानं ईमेलवर मिळालं: महिन्यातून एक दिवस, कारण न सांगता. फ्रिजपासून लांबची खोली मिळतेय, दिवा बदलणार आहेत. संध्याकाळी खाली येण्याबद्दल ईमेलमध्ये काही नाही. तिनं बाराऐवजी सहा महिन्यांवर सही केली, पुढचे सहा वाढवता येतील या कलमासह.

पायवाटेवरच्या तरुणाला पुढच्या हंगामात तुकडीप्रमुख होणार का, असं विचारलंय. ही बढती आहे असं विचारणाऱ्यांना वाटतं. त्यानं होही म्हटलेलं नाही आणि नाहीही. तुकडीप्रमुखाचा दिवस तासातासानं कसा जातो, ते त्यानं लिहून मागवलंय.