मागून घेतलेलं गाणं

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरात रेडिओवर 'आपली आवड' लागलं की मध्ये कुणी बोलायचं नाही, असा दंडक होता. निवेदक फर्माईश कळवणाऱ्यांची नावं वाचत जायचे, कुठल्या कुठल्या गावांची. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "बघ, तिथेसुद्धा कुणाला तरी हेच गाणं हवंय." गाण्याआधी माणसाचं नाव कानावर पडायचं, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटे. आता मोबाइलवर गाण्यामागून गाणं आपोआप वाजत राहतं. ते कुणी पाठवलं, कुणी बांधलं, काही कळत नाही.

ते अप्रूप मला पुन्हा सापडलं एका पॉडकास्टमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून हवा तेव्हा ऐकता येणाऱ्या कार्यक्रमात. 'मेड इन इंडिया' त्याचं नाव. मे मरियम थॉमस या मुंबईच्या रेडिओ निवेदिकेनं तो 2015 मध्ये सुरू केला, आणि नावातल्या 'मेड'मध्ये स्वतःचं 'मे' गुंफलं. चित्रपटासाठी न गाणारे, मोठ्या कंपनीच्या पंखाखाली नसलेले गायक-वादक तिच्याकडे येतात, गप्पा मारतात आणि तिथेच बसून गातात. मोठा वाद्यमेळ नाही, फार सजावट नाही. गिटारच्या तारेवरून बोट सरकल्याचा तो बारीकसा चरका ऐकू येतो, ओळ सुरू करण्याआधी घेतलेला श्वास ऐकू येतो. मला विचाराल, तर स्टुडिओत घासूनपुसून लख्ख केलेल्या गाण्यापेक्षा हे जास्त जवळचं वाटतं.

पॉडकास्ट आणि असं स्वतंत्र संगीत यांचं इतकं जमतं, याला एक व्यवहाराचं कारणही आहे. रेडिओ केंद्रं परवाना शुल्क भरतात आणि गाणी वाजवतात. 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, तेव्हा प्रसारकांना ठरावीक मोबदला देऊन गाणी वाजवण्याची सोय झाली. पण ती इंटरनेटवरच्या सेवांना लागू होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं 2019 मध्ये दिला. शिवाय पॉडकास्टचा भाग ऐकणाऱ्याला आपल्या फोनमध्ये उतरवून ठेवता येतो, म्हणजे त्या गाण्याची एक प्रतच झाली. त्यामुळे घरातल्या टेबलावर माइक मांडून बसलेल्या माणसाला गाजलेलं चित्रपटगीत पूर्ण वाजवायचं, तर त्या परवानगीचा खर्चच झेपत नाही.

स्वतंत्र कलाकाराचं तसं नसतं. शब्द त्याचे, चाल त्याची, ध्वनिमुद्रणही बहुधा त्यानंच पदरमोड करून केलेलं. त्यामुळे परवानगी देणाराही तोच. त्याला एक निरोप धाडायचा: "तुमचं गाणं आवडलं, वाजवू का?" माझ्या लेखी खरी गंमत इथे आहे. विचारायला जावं लागतं म्हणून ओळख होते. ओळख झाली की गाणं कुठल्या खोलीत सुचलं, ढोलकीवाला आयत्या वेळी आला नाही म्हणून टेबल कसं बडवलं, हे सगळं गाण्याबरोबर ऐकणाऱ्यापर्यंत येतं.

आणि गाणं आवडलं, तर पैसे देऊन घ्या, ही माझी कळकळीची विनंती. बँडकॅम्प नावाच्या संकेतस्थळावर अनेक स्वतंत्र कलाकार आपली गाणी स्वतः विकतात. तिथे डिजिटल विक्रीतले साधारण 15 टक्के संकेतस्थळ ठेवून घेतं. मार्च 2020 मध्ये, कोविडमुळे मैफली बंद पडल्या, तेव्हा त्यांनी एका शुक्रवारी आपला वाटा सोडून दिला, आणि पुढेही असे 'बँडकॅम्प शुक्रवार' होत राहिले. सिनेमाचं एक तिकीट जेवढ्याला येतं, तेवढ्यात कुणाचा तरी अख्खा अल्बम घेता येतो. गाणाऱ्याला त्या रकमेचं मोल फार असतं.

परवाचीच गोष्ट. मी आणि आई मेथी निवडत बसलो होतो. आवाज मोठा यावा म्हणून फोन स्टीलच्या पातेल्यात उभा केला आणि एक भाग लावला. गप्पा इंग्रजीत, त्यामुळे आई आपली काड्या खुडत होती. मग त्या भागात आलेली मुलगी गायला लागली. भाषा आम्हा दोघींनाही येत नव्हती. दुसऱ्या कडव्यात तिनं आवाज चढवायच्या जागी एकदम खाली आणला, आणि आईचा हात जुडीवरच थांबला. "परत लाव," म्हणाली. आम्ही तीनदा ऐकलं. भाजीला त्या दिवशी उशीरच झाला.

मग म्हणाली, "कोल्हापूरला मावशीला पाठव." मी नुसतीच लिंक पाठवणार होते, तर आईनं अडवलं. "असं नको. तिला लिही, दुसऱ्या कडव्यापर्यंत थांब म्हणावं, आणि मी सांगितलंय म्हणावं."

लिहिलं. रात्री दहाच्या सुमाराला मावशीचा फोन आला. "अगं, कुणाची पोर गं ही? अजून काही गायलंय का तिनं?"