एलसॅटची तयारी : घड्याळ कधी लावायचं?

नमस्कार श्रोतेहो.

पदवी झाली की अमेरिकेत जाऊन कायदा शिकायचा, असा बेत असलेल्या मुलामुलींशी आज बोलायचं आहे. त्यांचे आईबाबा ऐकत असतील तर फारच छान. तिथे कायद्याचं शिक्षण पदवीनंतर सुरू होतं. जेडी हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि त्याच्या प्रवेशासाठी बहुतेक जण लॉ स्कूल ॲडमिशन टेस्ट, म्हणजे एलसॅट देतात. १९४८ पासून ही परीक्षा चालू आहे. गुण १२० ते १८० या पट्ट्यात मिळतात, म्हणजे अगदी कोरी उत्तरपत्रिका दिली तरी १२०! त्यात फार आनंद मानू नका.

या परीक्षेत कायदा विचारत नाहीत. कलमं नाहीत, खटले नाहीत, चालू घडामोडीही नाहीत. विचारतात एवढंच, की समोरचा मजकूर तुम्हाला नीट वाचता येतो का आणि त्यातला युक्तिवाद कुठे लंगडा आहे ते कळतं का. पाठांतराच्या जोरावर वर्गात पहिले आलेले विद्यार्थी इथे गांगरतात ते त्यामुळेच.

परीक्षेचे चार भाग असतात, प्रत्येकी ३५ मिनिटांचे. दोन लॉजिकल रीझनिंगचे, म्हणजे युक्तिवाद पारखण्याचे, एक रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा, म्हणजे उतारे वाचून उत्तरं देण्याचा, आणि चौथा या दोहोंपैकी कुठलाही. त्या चौथ्याचे गुण धरत नाहीत. पुढच्या परीक्षांचे प्रश्न त्यात तपासून पाहिले जातात. पण समोर आलेल्या चार भागांपैकी तो नेमका कोणता, हे तुम्हाला सांगत नाहीत. तेव्हा परीक्षेत बसून ‘हाच तो बिनगुणांचा असेल’ असा अंदाज बांधत ढिलाई करू नका. आणखी एक. पूर्वी या परीक्षेत कोड्यांचा एक भाग असायचा, त्याला सगळे लॉजिक गेम्स म्हणायचे. ऑगस्ट २०२४ पासून तो गेला. थोरल्या भावंडांकडून आलेल्या जुन्या पुस्तकांत त्याची शंभर-दोनशे पानं असतील, ती सरळ सोडून द्या.

आता वेळेबद्दल. लॉजिकल रीझनिंगच्या एका भागात साधारण २५ प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिटसुद्धा येत नाही. हा हिशेब पहिल्याच दिवशी कळतो आणि मुलं त्याच दिवसापासून घड्याळ लावून बसतात. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. घाईत सोडवलेल्या प्रश्नातून घाईच शिकली जाते. सुरुवातीचे दीड-दोन महिने घड्याळ बाजूला ठेवा. एका प्रश्नाला दहा मिनिटं लागली तर लागू द्या. निष्कर्ष कोणता, त्याला आधार काय दिलाय आणि या दोहोंच्या मधे न बोललेलं काय आहे, हे तिन्ही सांगता आल्याशिवाय पर्यायांकडे बघायचंच नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा प्रश्नात असं म्हटलंय : ज्या वकिलांची तयारी पक्की असते, ते न्यायालयात शांत असतात. या वकीलबाई शांत आहेत. म्हणून त्यांची तयारी पक्की आहे. ऐकायला बरोबर वाटतं, नाही? पण तयारी असली की माणूस शांत असतो, एवढंच आपल्याला माहीत आहे. शांत असण्याला दुसरी कारणं असू शकतात. बाईंचा स्वभावच तसा असेल, किंवा खटला हातचा गेलाय हे त्यांना कळून चुकलं असेल! हीच चूक वेगवेगळे कपडे घालून या परीक्षेत पुन्हा पुन्हा येते. कधी डायनासोरच्या हाडांबद्दल, कधी शहराच्या वाहतुकीबद्दल. विषय बदलतो, फट तीच. ती सावकाश ओळखायची सवय झाली की वेग आपोआप वाढतो.

मग घड्याळ लावा. आधी एकेक भाग ३५ मिनिटांत, नंतर अख्खी परीक्षा. ही परीक्षा घेणाऱ्या लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिलच्या लॉहब या संकेतस्थळावर खऱ्या, जुन्या परीक्षांपैकी काही फुकट सोडवता येतात. सोडवताना जिथे शंका आली त्या प्रश्नावर खूण करा. वेळ संपली की लगेच उत्तरं तपासायची नाहीत. खूण केलेले प्रश्न घड्याळाशिवाय पुन्हा सोडवायचे आणि मगच तपासायचं. दुसऱ्या वेळी बरोबर आलं, तर तुमची अडचण वेगाची आहे. दुसऱ्यांदाही चुकलं, तर समजच कच्ची आहे, आणि तिथे शंभर सराव परीक्षा देऊनही फरक पडणार नाही. रोज एक परीक्षा झोडणारे विद्यार्थी मला नेहमी भेटतात. आठवड्याला एक द्या, पण तिची चिरफाड दोन दिवस करा.

उताऱ्यांच्या भागात चार संच असतात, प्रत्येकाला पावणेनऊ मिनिटं. तपशील लक्षात ठेवत बसू नका, प्रश्न आला की मागे वळून बघता येतं. लेखकाचं मत काय आणि ते कुठे वळतं, एवढं पकडा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. एखादा अडला तर खूण करून काहीतरी उत्तर द्या आणि पुढे चला.

राहिली तारीख. ती उलट मोजत या. तिथली बरीच विद्यापीठं शरद ऋतूत अर्ज घ्यायला लागतात आणि जसे अर्ज येतात तसे निर्णय देत जातात, त्यामुळे अंतिम मुदतीच्या तोंडावर अर्ज करणाऱ्याच्या वाट्याला कमी जागा उरतात. म्हणून पहिला प्रयत्न तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये व्हावा. निकालाला साधारण तीन आठवडे लागतात आणि नोंदणीही परीक्षेच्या महिनाभराहून आधीच बंद होते. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून तयारी करायची तर सहा महिने धरा. गुण पाच वर्षं चालतात आणि त्या काळात पाचदाच बसता येतं, आयुष्यात सातदा. तेव्हा ‘बघूया कसं जमतं’ म्हणून खरी परीक्षा देऊ नका, त्यासाठी सराव परीक्षा आहेत. सरावाचे गुण तीन-चारदा हव्या त्या आकड्याजवळ आले नसतील, तर तारीख पुढे ढकलण्यात काही कमीपणा नाही.

आणि हो, निबंधाची एक वेगळी चाचणी असते. ती घरून, संगणकावर देता येते. तिला गुण नाहीत म्हणून मुलं ती विसरतात. पण पहिल्यांदा परीक्षा देणाऱ्यांचा निकाल ती दिल्याशिवाय हातात येत नाही. मुख्य परीक्षेच्या आसपासच ती उरकून टाका.

नमस्कार.