दिवाळीआधीचा रविवार, एका खोलीतला

(पहाट. गॅलरीत निळं पिंप भरतंय, नळाखाली कळशी.)

लालबाग-परळच्या चाळीत दिवस नळावर उजाडतो. पाण्याची वेळ हुकली तर पुढची सगळी कामं एकमेकांत अडकतात. खोली एक, शेगडी एक, आणि आज त्यातच साफसफाई, चकल्या, पाहुणे, शिवाय आकाशकंदील. कुठलं काम कशाच्या आधी, इथेच सगळी मेख आहे.

पंखा सर्वांत आधी. पात्यावर उशीचा जुना अभ्रा चढवून तो ओढत आणला की धूळ आतच राहते, खाली गादीवर पडत नाही. स्वयंपाकाच्या बाजूच्या पात्यावर तेलकट थर असतो; त्याला कोमट पाण्यात धुण्याचा सोडा लागतो. हे काम मागे ठेवलं तर धूळ थेट कंदिलाच्या ओल्या खळीवर बसते.

(तळणीचा आवाज.)

मग चकल्या. भाजणी जितक्या वाट्या, तितक्याच वाट्या पाणी. पाण्यात तिखट, मीठ, तीळ, ओवा आणि मोहन घालून उकळी आणायची, भाजणी ओतून झाकण ठेवायचं. वीस मिनिटांनी पाण्याचा हात लावून मळायचं. चकली पाडताना तुटली, तर पीठ कोरडं आहे. तेलात विरघळायला लागली, तर मोहन जास्त झालं. वरून लाल आणि आत मऊ राहिली, तर आच मोठी होती. बुडबुडे शांत होईपर्यंत झारा आवरायचा, एवढंच.

तळण आटोपल्याशिवाय पतंगाचा कागद बाहेर काढायचा नाही. त्यावर तेलाचा एक थेंब पडला की डाग पडतो आणि दिव्याच्या उजेडात तोच आधी दिसतो.

(गॅलरीत कामट्यांची मोळी.)

कामट्या, कागद, झिरमिळ्या, सगळं माहीमच्या कंदील गल्लीत मिळतं. तयार कंदीलही मिळतात, पण ज्याला बांधायचाय त्याने कामट्या सरळ बघून घ्याव्यात. वाकडी कामटी दोऱ्याने सरळ होत नाही.

पारंपरिक कंदिलाला चोवीस कामट्या. प्रत्येक दहा इंचांची. दोन्ही टोकांना अर्धा इंच सोडून गाठ मारली की मधे नऊ इंच उरतात. आधी काचकागद फिरवायचा, नाहीतर कुसळ बोटात शिरतं. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे. त्यांतले चार उभे, कोपऱ्यावर कोपरा टेकवून गोल. एक चौकोन वर, एक खाली. बारा सांधे झाले की चौकोनांच्या मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. त्रिकोण कुणी वेगळे बांधत नाही, हीच यातली गंमत.

आणि इथेच सांगाडा दगा देतो. उचलला की लुळा पडतो, पिळतो. त्रिकोण आपली जागा सोडत नाही. चौकोन मात्र कलून शंकरपाळ्यासारखा होतो. म्हणून सहाही चौकोनांना आधार हवा. वरच्या आणि खालच्या चौकोनात कोपऱ्यातून कोपऱ्यात आडवी, जादाची लांब कामटी, बाजूच्या चारांत ताणलेला दोरा, फुलीसारखा. दोन्ही कर्ण पावणेतेरा इंचांच्या आसपास आणि एकसारखे भरले, तर चौकोन खरा.

(दुपार. शेगडीवर छोटं पातेलं.)

खळ: दोन चमचे मैदा, एक कप पाणी, आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर पारदर्शक होईतो ढवळायचं. झुरळं लागू नयेत म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर नकोच. खळ कागदाला न लावता कामटीला लावायची. भिजलेला पतंगाचा कागद हातातच फाटतो. कागद सगळ्या बाजूंनी अर्धा इंच मोठा कापायचा. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, हवा खेळायला. वाळेपर्यंत पंखा बंद. उकडतं, पण इलाज नाही.

याच वेळेला नाहूरची मावशी यायची असते. मध्य रेल्वेच्या माटुंगा-मुलुंड धीम्या मार्गावर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असला की धीम्या गाड्या जलद मार्गावरून जातात. विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूरला थांबत नाहीत. मावशीला रिक्षाने आधी मुलुंड किंवा भांडुप गाठावं लागतं. त्यामुळे "एक वाजता येते" म्हणजे अडीच, आणि भात त्या हिशेबानेच लावलेला बरा.

(संध्याकाळ.)

दिवा सात वॅटचा एलईडी. जुना साठ वॅटचा बल्ब तापायचा, कागद पिवळा पडायचा. होल्डर वरच्या आडव्या कामटीला बांधायचा. कंदिलाचा भार सुतळीवर. वायर सैल सोडायची, नाहीतर वाऱ्यात हिसके बसून ती होल्डरमधून निसटते. झिरमिळ्या शेवटी, नाहीतर कंदील टांगताना पायाखाली येतात.

मावशीचा डबा रिकामा परत जात नाही. चकल्या मोडू नयेत म्हणून तळाला कागद. तेवढ्यात गॅलरीत बटण दाबलं जातं. एका त्रिकोणाला ठिगळ लावलेलं असतं, तिथला रंग गडद दिसतो. ती बाजू भिंतीकडे फिरवून सुतळीला आणखी एक गाठ मारली जाते.