अजगराचा जेवणवार

(दृश्य: तळघर, मोठी काचपेटी, मंद दिवा)

चार मीटरांचा बर्मी अजगर वेटोळं करून पडलाय. तीन आठवडे त्याच्या पोटात काही नाही. आज त्याचा जेवणवार.

अमेरिकेतल्या या घरात आज दोन मोठी माणसं हजर आहेत. एवढ्या अजगराला एकट्याने खाऊ घालायचं नाही, पाळणारा कितीही सराईत असो. विळखा पडलाच तर तो शेपटीकडून उलगडावा लागतो, आणि विळख्यात सापडलेल्याला ते स्वतःला जमत नाही.

गोठवलेला ससा रात्रभर फ्रीजमध्ये वितळलाय. आता तो बंद पिशवीत, कोमट पाण्यात आहे. मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही, मांस कुठे शिजतं, कुठे गारच राहतं. ससा मेलेलाच हवा. पेटीत कोंडलेलं जिवंत भक्ष्य जिवाच्या आकांताने चावतं आणि अजगरच जखमी होतो. सशाचे हाल होतात ते वेगळेच.

(दृश्य: अजगराचं तोंड, अगदी जवळून)

ओठांवरचे हे खळगे पाहा. समोरची ऊब त्यांना जाणवते. जीभ वास टिपते. सशाचा वास लागलेला उबदार हात पुढे आला, की अजगराच्या लेखी तो ससाच. आपल्याकडे म्हणतात, साप डूख धरतो. इथे डूख नाही, रागही नाही. भूक आहे आणि वास आहे.

म्हणून आधी हात साबणाने स्वच्छ धुतात. ससा लांब चिमट्यानेच पुढे करतात. एरवी पेटी साफ करताना आधी हूकने अंगाला हलकेच स्पर्श करतात. हा स्पर्श झाला की आज जेवण नाही, ही सवय त्याला हळूहळू लागते.

(दृश्य: झेप, विळखा)

काच सरकते, कुलूप लागतं. आता निदान दोन दिवस त्याला कुणी उचलणार नाही, नाहीतर गिळलेलं ओकून टाकेल. पेटीची एक बाजू 30 ते 32 अंशांवर ठेवलीय, कारण उबेशिवाय त्याला अन्न पचत नाही. या दोन दिवसांत त्याच्या हृदयाचा स्नायू तब्बल 40 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, हे 2005 सालच्या संशोधनात दिसलं. पचन संपलं की हृदय पुन्हा पूर्ववत. मला तर हे अजूनही नवलच वाटतं.

(दृश्य: फ्लोरिडा, एव्हरग्लेड्सची दलदल)

दुकानातून आणलेलं पिल्लू जेमतेम हातभर असतं. काही वर्षांत ते तीन मीटरांच्या पुढे जातं, आणि घर अपुरं पडतं. सुटलेल्या आणि सोडून दिलेल्या अशाच अजगरांची प्रजा या दलदलीत वाढली. त्यांच्या पोटात इथले रॅकून, ओपोसम असे छोटे सस्तन प्राणी गेले. 2012 मध्ये अमेरिकेने बर्मी अजगराची आयात बंद केली. भारतात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आपला अजगर घरात ठेवूच देत नाही.

(दृश्य: पुन्हा तळघर)

ससा गिळून झालाय. अजगर उबेच्या बाजूला सरकतो. दुसरा माणूस कुलूप ओढून पाहतो, मग दिवा मालवतो.