सुई नेमकी कुठे आहे?

मंडळी, कंबरेच्या मणक्यात इंजेक्शन घ्यायचं ठरलं की पेशंटचा पहिला प्रश्न असतो, ‘दुखेल का?’ आणि दुसरा, ‘आराम किती दिवस पडेल?’ दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण मी भूलतज्ज्ञ आहे, रोज अशा सुया टोचतो, आणि माझी कळकळीची विनंती आहे की तिसराही प्रश्न विचारा : ‘सुई योग्य जागी पोचली हे तुम्हाला कसं कळणार?’

आधी ती जागा समजून घेऊ. मज्जारज्जू आणि नसा एका चिवट आवरणात, पाण्यासारख्या द्रवात असतात. त्या आवरणाच्या बाहेर, पण मणक्याच्या हाडाच्या आत, चरबी आणि बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेली एक फट असते. तीच एपिड्युरल जागा. गादी सरकून नस दबली, पायात कळा जाऊ लागल्या, की सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड तिथे सोडतात. कंबरेत ही फट साधारण ५-६ मिलिमीटरची. मानेत त्याहून खूपच अरुंद, आणि तिथे पलीकडे थेट मज्जारज्जू. कंबरेत तो पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि खाली नुसत्या नसा उरतात, एवढा तरी दिलासा असतो.

सुई मणक्यांना जोडणाऱ्या अस्थिबंधातून पुढे सरकते तेव्हा सिरिंजचा दट्ट्या अंगठ्याला दाद देत नाही. अस्थिबंध ओलांडला की तो एकाएकी हलका होतो. आम्ही शिकलो ते याच खुणेवर. पण स्नायूंमधल्या पोकळ जागेतही हात असाच फसतो. निव्वळ हाताच्या अंदाजाने घातलेल्या सुया एक्स-रेखाली तपासल्या गेल्या, तेव्हा साधारण चारातली एक भलतीकडेच निघाली. हे अनुभवी हातांचं आहे, शिकाऊंचं नव्हे.

सुई अलीकडे राहिली तर औषध वाया जातं, एवढंच. पलीकडे गेली तर आवरणाला भोक पडतं, द्रव पाझरतो, आणि उठून बसलं की डोकं फुटेल असं दुखतं, आडवं झालं की थांबतं. बहुतेकदा हे काही दिवसांत निवळतं. सोबत भुलीचं औषध आत गेलं तर पाय बधिर होतात, रक्तदाब कोसळतो. त्यावर उपचार आहेत.

मला खरी धास्ती रक्तवाहिनीची वाटते. नस मणक्यातून ज्या छिद्रातून बाहेर पडते, तिथूनच कधीकधी मज्जारज्जूला रक्त पुरवणारी धमनी आत जाते. ट्रायामसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडं विरघळलेली नसतात, त्यांत बारीक कण तरंगत असतात. ते कण धमनीत शिरले तर पुढे जाऊन अडकतात, आणि मज्जारज्जूचा तेवढा भाग मरतो. मानेतून ते मेंदूपर्यंत जाऊ शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला : असं क्वचितच घडतं, पण घडलं तर दृष्टी जाणं, पक्षाघात, लुळेपणा, मृत्यूसुद्धा. म्हणूनच छिद्रातून इंजेक्शन द्यायचं असेल तर पूर्ण विरघळणारं डेक्सामेथासोन आधी निवडावं, आणि मानेत तर कणांचं औषध छिद्रातून देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

‘दट्ट्या मागे ओढला, रक्त आलं नाही, म्हणजे ठीक’ यावर विसंबू नका. माझ्यासमोर एकदा रक्ताचा टिपूस आला नव्हता. मी कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर दिसणारं द्रव्य, सोडलं. ते योग्य जागी असतं तर नसेच्या कडेने पसरून तिथेच राहिलं असतं. पडद्यावर मात्र केसासारखी एक रेघ वर चढली आणि क्षणात पुसली गेली. वाहत्या रक्ताने तिला नेलं होतं. मी सुई काढली आणि त्या दिवशी औषध दिलंच नाही. पेशंट नाराज झाला. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागा होतो.

आणखी एक. ‘मला झोपवूनच करा’ असा हट्ट धरू नका. सुई नसेला लागली तर पायात वीज चमकल्यासारखी कळ जाते, आणि ती तुम्ही सांगितल्याशिवाय आम्हाला कळत नाही. तसं झालं तर लगेच ओरडा, संकोच करू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

घरी गेल्यावर पायातली ताकद कमी होऊ लागली, लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला, किंवा तापासोबत पाठ ठणकू लागली, तर सकाळची वाट पाहू नका. आतल्या आत रक्त साकळत असेल किंवा पू होत असेल, तर नस वाचवायला हातात काही तासच असतात.